घरगुती हिंसाचाराच्या (डीव्ही) केसमध्ये दुभाष्या म्हणून उभं राहताय? या चुका टाळा

सीमाभागात ज्याला त्याला वाटतं, मला मराठी येतं, कानडीही येतं, म्हणजे मी दुभाष्या. बाजारात भाव करायला तेवढं पुरतं. नवऱ्यानं केलेल्या मारहाणीची साक्ष चालू असताना पुरत नाही. बेळगावजवळच्या खानापूरकडची बाई मराठीत बोलते, साक्ष कानडीत टाइप होते, आणि मध्ये बहुतेक वेळा कुणाच्या तरी ऑफिसातला ज्युनिअर उभा असतो, तोही घाईत.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे साक्ष ‘नीट लावून’ सांगणं. मार खाल्लेल्या बाईला ती रात्र सलग आठवतेच असं नाही. आधी करपलेल्या भाताचा वास सांगेल, मग एकदम दाराची कडी, मग पोरगं कुठं झोपलं होतं ते, आणि मार शेवटी. भीतीत एखादा तपशील लख्ख राहतो, क्रम सुटतो. नवशिक्या हे सगळं ऐकतो, मनात ओळीनं मांडतो आणि गुळगुळीत गोष्ट करून कोर्टाला देतो. वर आपण मदत केली असं त्याला वाटतं!

एका तालुका कोर्टात हे डोळ्यांदेखत पाहिलंय. बाई म्हणाली, “रोप लावायच्या वक्ताला मारल्यान, दिस काय ध्यानात नाही.” दुभाष्यानं कानडीत सांगितलं, जुलै महिन्यात. तिनं महिना उच्चारलाही नव्हता. पोलिसांपुढच्या जबाबातही ती रोप लावणीच बोलली होती. तिथं लिहिणाऱ्यानं जून टाकला होता. खानापूर तालुक्यात पाऊस कसा धरतो त्यावर लावणी पुढंमागं होते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. पण समोरच्या वकिलांना आयतंच मिळालं. जून की जुलै? आधी खोटं बोललात की आता? बाईला प्रश्नच कळेना, कारण तिच्या लेखी तिनं दोन्ही वेळा एकच सांगितलं होतं. ती मान खाली घालून गप्प झाली. आमच्या पठ्ठ्यानं त्या गप्प बसण्याचंसुद्धा भाषांतर केलं: “आठवत नाही म्हणते.” तेच टाइप झालं.

माझी सवय सांगतो. रोप लावायच्या वक्ताला असं आलं, तर ते तसंच जातं. महिना हवा असेल तर वकील विचारतील, तो त्यांचा धंदा. वाक्य अर्धं सुटलं तर अर्धंच देतो. ती गप्प, तर मीही गप्प. न्यायाधीश साहेबांनी विचारलंच तर ‘साक्षीदारानं उत्तर दिलेलं नाही’ एवढंच. दुभाष्यालाही शपथ असते, आणि बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 317 प्रमाणे खरं तेच भाषांतर करायला तो बांधलेला असतो. सुधारून सांगणं त्यात बसत नाही.

दुसरी चूक संध्याकाळची. पाच वाजत आलेत, सगळ्यांना घर दिसायला लागलंय. “सही कर अक्का, तू बोललीस तेच हाय.” अहो, तिला कानडी वाचता येत नाही! छळाच्या फौजदारी केसमध्ये, म्हणजे दंड संहितेचं जुनं 498अ, 1 जुलै 2024 पासून बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता) कलम 85, साक्ष तिला कळणाऱ्या भाषेत समजावून द्यायचीच असते. बीएनएसएसचं कलम 313 त्यासाठीच आहे. घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखालच्या अर्जातही मी ते मागून घेतो, कुणी तोंड वाकडं केलं तरी. सरतपासणीचं (तिच्याच बाजूनं मांडलेल्या साक्षीचं) प्रतिज्ञापत्र कानडीत तयार होऊन आलेलं असेल, तर उलटतपासणीच्या (समोरच्या वकिलांच्या प्रश्नांच्या) आधी ते तिला मराठीत कुणी वाचून दाखवलंय का, हे वकिलांना विचारा. उत्तर ऐकून गार व्हाल.

नात्यातला माणूस दुभाष्या म्हणून नको. मामा नको, ‘आमच्या गावचे मेंबर’ तर नकोतच. मी आधी माहेर-सासर दोन्ही गावं विचारतो आणि ओळख निघाली तर बाजूला होतो.

शिव्या गाळू नका. लाज वाटत असेल तर हे काम सोडा.

‘ती म्हणते, तिला मारलं’ नको. ती ‘मला’ म्हणाली, तुम्हीही ‘मला’ म्हणा.

“रडू नको, सगळं चांगलं होतंय,” असलं काही बोलू नका. तुम्हाला काय माहीत काय होतंय? तिला पाणी हवंय, थांबायचंय असं ती म्हणाली तर तेवढं कोर्टाला सांगा. व्हरांड्यात सल्लाही देऊ नका. मदत विचारली तर महिला हेल्पलाइनचा 181 नंबर द्या, किंवा 2005 च्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवा.

आणि उभं राहायची जागा. नवरा बसलेला असतो त्याच बाजूला दुभाष्या उभा राहिला, की प्रत्येक उत्तराला तिला तिकडंच बघावं लागतं. मी पलीकडच्या बाजूला जातो. तेवढ्यानं भागत नसेल, तर 2005 च्या कायद्याच्या कलम 16 खाली बंद दाराआड सुनावणी मागता येते. पण ती मागणी दुभाष्यानं करायची नसते, आणि साक्ष सुरू झाल्यावर सुचून तर काहीच उपयोग नाही. वकिलांच्या कानावर आदल्या तारखेलाच घाला.