एआयकडून करून घेतलेला धडा मुक्त परवान्याने देण्यापूर्वी

जे आपले नाही त्यावर मुक्त परवाना (कोणीही वापरावे, बदलावे अशी लेखी परवानगी) लावणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे होय, आणि एआय हाताशी असले की हे अगदी नकळत घडते. म्हणून तपासणीची सुरुवात आपण एआयला काय पुरवतो, तिथूनच करावी. पाठ्यपुस्तकातील प्रकरण देऊन त्याचे सोपे रूपांतर किंवा मराठी भाषांतर करून घेतले, तरी भाषांतराचा व रूपांतराचा अधिकार १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ हक्कधारकाकडेच राहतो. अध्यापनाच्या ओघात प्रत काढण्याची मुभा शिक्षकाला कलम ५२ने दिली आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६मध्ये छायाप्रतींच्या खटल्यात तिचा उदार अर्थ लावला. परंतु तोच मजकूर साऱ्या जगाला पुनर्वापरासाठी खुला करण्याचे बळ त्या मुभेत नाही.

कविता घ्यायची असल्यास वर्षे मोजावीत. कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे संरक्षण असते; त्यामुळे १९०५मध्ये निवर्तलेल्या केशवसुतांची कविता खुशाल घ्यावी, मात्र १९९९मध्ये निधन झालेल्या कुसुमाग्रजांची पूर्ण कविता २०५९ अखेरपर्यंत परवानगीवाचून छापू नये. एआयने 'नवी' म्हणून दिलेली एखादी ओळ ओळखीची वाटली, तर ती अवतरणचिन्हांत घालून शोधून पाहावी.

मुक्त साहित्यालाही अटी असतात. मराठी विकिपीडियावरील लेखावर बेतलेला धडा श्रेय देऊन त्याच सीसी बाय-एसए परवान्याने (क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे द्या' हा परवाना) द्यावा लागतो, आणि म्हणूनच त्यात 'अव्यावसायिक', म्हणजे व्यापारी वापरास मनाई करणाऱ्या, अटीचा उतारा मिसळून एकजीव धडा करता येत नाही. चित्राचा परवाना एआयला विचारू नये. ते ठामपणे चुकीचे सांगते. मूळ पान उघडून पाहावे.

सर्वस्वी एआयने काढलेल्या चित्राचा मालक कोण? भारतीय कायद्यात १९९४च्या दुरुस्तीपासून संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती; पण ही तरतूद आजच्या एआयच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३मध्ये एका चित्रकथेतील मानवी मजकुराला व मांडणीला संरक्षण दिले, एआयच्या चित्रांना नाकारले. अशा चित्रांवर हक्क सांगण्यापेक्षा ती सीसी-शून्यखाली, म्हणजे सारे हक्क सोडून, खुली करावीत, हे मला अधिक प्रामाणिक वाटते. मजकूर स्वतःचा असेल आणि त्यावर केवळ श्रेयाची अट (सीसी बाय) ठेवायची असेल, तर धड्याच्या शेवटी मग एवढी ओळ पुरते: 'मजकूर व स्वाध्याय: शिक्षक, सीसी बाय ४.०, आकृत्या: एआयनिर्मित, शिक्षकाने तपासलेल्या, सीसी-शून्य.'