गोळी उलटी येते का? नेमबाजीला नाव घालण्याआधी रेंजची मागची भिंत बघा

येते. मुलाला घेऊन नेमबाजीच्या क्लासची चौकशी करायला आलेले पालक हा प्रश्न निघता निघता, जरा संकोचूनच विचारतात. त्यावर बरेच कोच "छे, असं काही होत नाही" म्हणून विषय मिटवतात. मला ते पटत नाही. गोळी किंवा छरा मारणाऱ्याकडे परत येऊ शकतो. तो कधी येतो, याला मात्र कारणं आहेत आणि ती नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात कळायला हवीत.

२०२४ मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) ब्राँझ जिंकलं आणि आमच्याकडे नव्या मुलांची रीघ लागली. तो प्रकार पॉइंट टू टू रायफलचा, म्हणजे ०.२२ इंच जाडीची, दारूने उडणारी गोळी मारणाऱ्या रायफलचा. नवीन मुलं सुरुवात करतात ती १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूलने. एअर रायफलचा छरा शिशाचा, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जाणारा. त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास भरते. पॉइंट टू टूची गोळी अडीच ग्रॅमच्या वर, वेग जवळजवळ दुप्पट, ऊर्जा १४० ज्यूलच्या घरात. हे आकडे ऐकून सगळ्यांना वाटतं, एअर रायफल म्हणजे खेळणं, जपायचं ते मोठ्या रायफलला.

जीव घेण्याच्या बाबतीत हे खरंच आहे. पण परत येण्याच्या बाबतीत मला एअर रेंजचीच जास्त काळजी वाटते. पॉइंट टू टूची गोळी जाड पोलादी पत्र्यावर सरळ आपटली की तिच्या चिंधड्या होतात आणि शिसं पत्र्याला लागून चहूबाजूंनी फाकतं. मागे यायला सलग तुकडा फारसा उरत नाही. छऱ्याला तेवढा वेग नसतो. तो आपटून चपटा होतो, पण एकसंध राहतो, आणि अंगात उरलेला थोडासा जोर घेऊन मागे उडतो. त्यात अंतर फक्त १० मीटर. जुन्या रेंजवर फायरिंग पॉइंटच्या पुढची जमीन नीट पाहिलीत तर शिशाच्या टिकल्या सापडतील: एका बाजूने आरशासारख्या गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला छऱ्याच्या घेराची दुमडलेली कड. अशी टिकली हाताला लागली तर टिचकी बसल्यासारखं वाटतं. डोळ्याला लागली तर गोष्ट वेगळी.

कोनाबद्दलही एक गैरसमज पक्का बसलेला असतो. कॅरमचा स्ट्रायकर ज्या कोनात कडेला लागतो, साधारण त्याच कोनात निघतो. गोळी तसं वागत नाही. कठीण सपाट पृष्ठभागावर तिरपी लागली तर ती पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून पुढे निघते. माती आणि पाण्यावर उलट होतं, शिरली त्यापेक्षा जास्त उभ्या कोनात बाहेर पडते. या दोन्ही वेळा ती पुढेच जाते, मारणाऱ्याकडे येत नाही. एनसीसीत आडवं पडून फायरिंग करताना समोर मातीचा एवढा उंच बट, म्हणजे गोळ्या अडवणारा ढिगारा, का असतो, याचं एक कारण हेच. आखूड पडलेली गोळी जमिनीवरून उसळून पलीकडच्या शेतात जाऊ नये. बटाच्या दर्शनी मातीतले दगडगोटे वेचून काढतात तेही त्यासाठीच.

मग मागे काय येतं? सरळ समोरून लागलेला संथ छरा, हे वर आलंच. दुसरं म्हणजे खड्डे पडलेलं पोलाद. सपाट पत्र्यावरून शिसं बाजूला फाकतं, पण खड्डा पडला की त्याची वाटी होते आणि शिसं वळून आलेल्या वाटेने परत निघतं. तिसरं म्हणजे लवचीक वस्तू. जुना टायर किंवा जाड फळी यांत छरा शिरला नाही तर ती दबते आणि त्याला मागे फेकते. गच्चीवर टायर टांगून सराव करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. खेळण्यातल्या बंदुकीच्या पोलादी गोळ्या तर सगळ्यात वाईट, कारण त्या चपट्याच होत नाहीत.

गोल आणि कठीण वस्तूचा तर भरवसाच नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या एका माणसाने अंगणात आलेल्या आर्मडिलोवर, म्हणजे पाठीवर कठीण कवच असलेल्या एका प्राण्यावर, रिव्हॉल्वर झाडलं, तर गोळी उसळून त्याच्याच जबड्याला लागली. त्याच वर्षी जॉर्जियात दुसऱ्या एकाने आर्मडिलोच मारला, पण गोळी कुंपणावरून उडून घरात बसलेल्या सासूच्या पाठीत गेली. सासूबाई वाचल्या. पुढे जेवणाच्या टेबलावर काय बोलणं झालं असेल देव जाणे.

तेव्हा रेंज बघायला गेलात की रायफल कोणत्या कंपनीची, हे नंतर विचारा. आधी टार्गेटच्या मागे काय आहे ते बघा. पेलेट ट्रॅपचा, म्हणजे टार्गेटमागे छरे अडवणाऱ्या पेटीचा, मागचा पत्रा तिरपा हवा, म्हणजे छरा खाली तळाशी पडतो. पत्र्यापुढे जाड कापड किंवा रबरी पडदा सैल सोडलेला असेल तर फारच छान. सैल पडदा हलतो आणि छऱ्याचा जोर खातो, ताणून बसवलेला तोच पडदा छरा परत फेकतो. नुसत्या प्लायवूडवर टार्गेट चिकटवून मागे विटांची भिंत असेल, तर फी कितीही कमी असली तरी परत फिरा. पुढेमागे पोलादी टार्गेटवर पिस्तूल चालवायची वेळ आली तर प्रॅक्टिकल शूटिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत किमान ७ मीटर अंतर सांगितलं आहे. मी तर म्हणेन, दहाच्या आत जाऊच नका, आणि पत्र्याचा वरचा भाग आपल्याकडे झुकलेला आहे ना ते पाहा, म्हणजे तुकडे जमिनीकडे जातात.

चष्मा घ्याच, पॉलिकार्बोनेटचा. नेमबाज वापरतात ती एका भिंगाची महागडी फ्रेम नीट दिसावं म्हणून असते, डोळा वाचवायला नाही. दुकानदार हे सांगत नाही. मागे उभे राहून मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्या आईबाबांनाही चष्मा लागतो, हे त्यांना पटवणं मुलांना पटवण्यापेक्षा अवघड जातं.

आणि समजा, आलंच काही अंगावर. नव्या मुलाचा पहिला झटका "सर!" म्हणून मागे वळायचा असतो, आणि वळताना लोड केलेली रायफलही त्याच्याबरोबर वळते, थेट शेजारच्या लेनकडे. उडालेल्या टिकलीपेक्षा मला याची धास्ती जास्त. म्हणून आमच्याकडे पहिल्याच दिवशी हे करून घेतात: बोट ट्रिगरवरून बाहेर, नळी टार्गेटकडेच, रायफल टेबलावर खाली, आणि मग हात वर. जागेवरून हलायचं नाही. सर तुमच्यापर्यंत येतील.