तिसऱ्या सेमिस्टरला थर्मो घेऊन बसणाऱ्यांसाठी

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून एसएसएलसीपर्यंत (दहावी) मराठीत शिकून, पीयूसीला (अकरावी-बारावी) सायन्स घेऊन मेकॅनिकलला आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांसाठीही. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) तिसऱ्या सेमिस्टरला बेसिक थर्मोडायनॅमिक्स, म्हणजे उष्णता आणि काम यांच्या हिशोबाचा विषय, येतो आणि पहिल्याच आठवड्यात सीनियर घाबरवायला सुरुवात करतात. घाबरू नका. पण बाकीचे विषय ज्या पद्धतीनं काढले, त्या पद्धतीनं हा निघत नाही, हेही खरं. मी आता एका साखर कारखान्याच्या पॉवर हाऊसमध्ये कामाला आहे. कॉलेजात शिकलेल्या विषयांपैकी रोज उपयोगी पडतो तो हाच.

थर्मोत सूत्रं थोडीच आहेत. अवघड जातं ते सूत्र लावण्याआधीचं काम. सिस्टिम, म्हणजे ज्या भागाचा हिशोब करायचा तो, कुठली धरायची, तिची बाउंड्री कुठून आखायची, त्या बाउंड्रीतून आत काय येतं आणि बाहेर काय जातं, हे ठरवणं. गणित वाचल्यावर लगेच सूत्र शोधायला जाऊ नका. आधी पेन्सिलीनं चित्र काढा आणि तुटक रेषेनं बाउंड्री दाखवा.

एक गणित सांगतो, ते वहीत करून बघाच. एक टाकी आहे, भोवती पूर्ण इन्सुलेशन, आतली सगळी हवा काढून टाकलेली. बाहेरची हवा ३०० केल्विनला. व्हॉल्व्ह उघडला, हवा आत घुसली, आतला दाब बाहेरच्याइतका झाला, तसा व्हॉल्व्ह बंद केला. आतल्या हवेचं तापमान किती? उष्णता आली नाही, गेली नाही, टाकी हलली नाही. म्हणून वर्गातली बहुतेक मुलं ३०० म्हणतात. उत्तर येतं ४२० केल्विन, म्हणजे १४७ अंश सेल्सिअस!

हे कुठून आलं? शेवटी टाकीत जेवढी हवा आहे, तेवढीच सिस्टिम धरा. सुरुवातीला ती सगळी बाहेर होती. तिला आत ढकलायचं काम मागच्या हवेनं केलं. त्या कामाला बाहेर पडायला वाट नाही, तेव्हा ते आतल्या हवेच्या अंतर्गत ऊर्जेत जमा झालं. म्हणजे बाहेरच्या हवेची एन्थाल्पी (अंतर्गत ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान) बरोबर आतल्या हवेची अंतर्गत ऊर्जा. म्हणून तापमान सीपी (स्थिर दाबाची विशिष्ट उष्णता) भागिले सीव्ही (स्थिर आकारमानाची) इतक्या पटीनं वाढतं, हवेसाठी १.४ पट. दाब किती होता याचा उत्तराशी संबंधच येत नाही. आता हेच गणित फक्त टाकीला ओपन सिस्टिम (जिच्या बाउंड्रीतून हवा ये-जा करते ती) धरून पुन्हा सोडवा. दोन्हीकडून ४२० आले की पहिला नियम (ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते) पाठ करायची गरज उरत नाही. मला विचाराल तर पहिल्या दोन मॉड्यूलचं (अभ्यासक्रमाच्या भागांचं) सार या एका गणितात आहे.

गणिताच्या इंग्रजी मजकुरात एकही शब्द वाया गेलेला नसतो. ‘रिजिड’ म्हटलं की आकारमान बदलत नाही, म्हणून बाउंड्री सरकण्याचं काम शून्य. ‘इन्सुलेटेड’ म्हटलं की उष्णता शून्य. ‘स्टेडी फ्लो’ म्हटलं की जेवढं आत तेवढंच बाहेर, मध्ये साठा होत नाही. वाचतानाच प्रत्येक शब्दाखाली त्याची अट लिहीत गेलात, तर निम्मं गणित तिथंच सुटतं. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते, पण हे शब्द मोजकेच आहेत आणि महिन्याभरात सवयीचे होतात.

धन-ऋण चिन्हांचं सुरुवातीलाच ठरवून टाका. पीयूसीच्या केमिस्ट्रीत सिस्टिमवर केलेलं काम धन धरतात, फिजिक्समध्ये सिस्टिमनं केलेलं. मेकॅनिकलला बहुधा फिजिक्सची पद्धत चालते. दोन्ही डोक्यात असतात आणि ऐन पेपरात एकमेकींत मिसळतात. म्हणून उत्तराच्या पहिल्या ओळीतच कुठली पद्धत धरली ते लिहा. गेज दाबाला, म्हणजे मीटरवर दिसणाऱ्या दाबाला, वातावरणाचा दाब मिळवायचा, तोही गणितात दिलेलाच घ्यायचा. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे. इथं हवेचा दाब ०.९२-०.९३ बारच्या आसपास असतो आणि पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. १.०१३ बार हा आकडा सगळीकडे चालत नाही, ते असं.

स्टीम टेबलचा, म्हणजे वाफेच्या आकड्यांच्या तक्त्याचा, कंटाळा करू नका. हे तक्ते असलेलं डेटा हँडबुक परीक्षेत वापरायला मिळतं, पण ते परीक्षेच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा उघडायचं पुस्तक नव्हे. समजा दाब १० बार आणि एका किलोचं आकारमान ०.१५ घनमीटर दिलंय. टेबलात १० बारला कोरड्या वाफेचं आकारमान ०.१९४४ आहे. आपलं त्याहून कमी आणि पाण्याच्या आकारमानाहून कितीतरी जास्त, म्हणजे वाफ ओली. ड्रायनेस फ्रॅक्शन (वजनात कोरड्या वाफेचा वाटा) ०.७७ येतं आणि तापमान न विचारताच कळतं, १७९.९ अंश. आधी वाफ ओली, कोरडी की सुपरहीटेड (उकळबिंदूच्याही वर तापलेली) ते ठरवायचं, मग आकडा उचलायचा. हा क्रम कधीही बदलू नका.

टेबलात आणखी एक गोष्ट दिसते. एक किलो पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला ४१९ किलोज्यूल लागतात आणि त्याच १०० अंशांवर त्याची वाफ करायला २२५७. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने या आकड्यावर चालतात. बगॅस (रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा) जाळून बॉयलरमध्ये वाफ करायची, टर्बाइनवर वीज काढायची आणि टर्बाइनमधून बाहेर पडणारी कमी दाबाची वाफ उसाचा रस आटवायला न्यायची. तिच्यातली सुप्त उष्णता अजून शाबूत असते. रस आटवायच्या भांड्याला बॉडी म्हणतात. पहिल्या बॉडीत रसातून निघालेली वाफ दुसऱ्या बॉडीतला रस उकळते, कारण तिथला दाब कमी ठेवलेला असतो. थर्मोचा दुसरा नियम सांगतो की इंजिनाला उष्णतेचा काही भाग बाहेर टाकावाच लागतो. वाफ ४८० अंशांना आणि कंडेन्सर ४५ अंशांना असेल, तर आदर्श इंजिनसुद्धा ५८ टक्क्यांच्या पुढे जात नाही. कारखान्यात त्या बाहेर टाकलेल्या उष्णतेचंही काम होतं. हे मला फार सुंदर वाटतं, आजही.

एन्ट्रॉपीपाशी, म्हणजे किती ऊर्जा कामाला येईनाशी झाली याचा माग ठेवणाऱ्या राशीपाशी, सगळे अडतात. या विषयाचा पाया घालणाऱ्या कार्नोनं इंजिनांवरचं आपलं लिखाण १८२४ साली प्रसिद्ध केलं आणि जर्मन शास्त्रज्ञ क्लॉसियसनं एन्ट्रॉपी हे नाव दिलं १८६५ साली. जाणत्यांना चाळीस वर्षं लागली ते तुम्हाला चार तासांत कळलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. आधी तिला वापरायला शिका. टेबलातून एन्थाल्पी काढता तशीच एन्ट्रॉपी काढा. आदर्श टर्बाइनचा आणि खऱ्या टर्बाइनचा शेवटचा बिंदू एकाच आकृतीवर काढा, एन्ट्रॉपी आडव्या अक्षावर घेऊन. खऱ्याचा बिंदू नेहमी उजवीकडे सरकलेला दिसेल. असं बरेचदा झालं की अर्थ आपोआप लागायला लागतो.

हे मॉड्यूल ऑप्शनला टाकू, म्हणजे अभ्यासच करायचा नाही, म्हणाल, तर तसंही जमत नाही. पाच मॉड्यूल, प्रत्येकातल्या दोन प्रश्नांपैकी एक सोडवायचाच. ऑटोनॉमस (स्वतःची परीक्षा घेणाऱ्या) कॉलेजात असाल तर आपला पॅटर्न विचारून घ्या.

बेळगावातल्या अनगोळच्या खोलीवर आम्ही अभ्यासाला बसायचो तेव्हा एकजण गोकाकचा होता, कन्नड बोलणारा. त्याला मराठी थोडं यायचं, आम्हाला कन्नड थोडं. त्यामुळे पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हणून कुणाचं भागायचं नाही, चित्र काढूनच सांगावं लागायचं. असा एक मित्र गटात घ्या, खरंच सांगतो.

आणि गळीत हंगामात, दिवाळीनंतर, एखादा कारखाना बघून या. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन चार-पाच जण जा, पायात बूट घाला. बॉयलरचा दाब, टर्बाइनच्या आत-बाहेरचं तापमान आणि प्रत्येक बॉडीचा दाब वहीत उतरवून घ्या. हॉस्टेलला आल्यावर स्टीम टेबल काढा आणि त्या टर्बाइनची कार्यक्षमता स्वतः काढा.