लांबच्या राईडला कान कसे वाचवायचे: इअरप्लग घालायची बरोबर पद्धत

बाईकवर कान जातात ते सायलेन्सरमुळे नाही, वाऱ्यामुळे. हे आधी डोक्यात पक्कं बसू द्या कारण "माझी गाडी शांत आहे, मला काय गरज" हे मी प्रत्येक ग्रुप राईडला ऐकतो. ६०-७० च्या पुढे गेलात की हेल्मेटभोवतीचा वारा इंजिनापेक्षा जास्त आवाज करतो, आणि ८०-१०० ला हेल्मेटच्या आत साधारण ९० ते १०० डेसिबल होतात. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेचा हिशोब असा की ८५ डेसिबल दिवसाला ८ तास, आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ९४ ला १ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. आता पुणे-कोल्हापूर धरा, चार-पाच तास कुठे गेले नाहीत. तावडे हॉटेलला उतरल्यावर कानात शिट्टी वाजते, चहावाल्याला दोनदा "काय?" विचारावं लागतं, त्याला लोक प्रवासाचा शीण म्हणतात. शीण नाही तो. कानाच्या आतल्या नाजूक पेशी मार खात असतात आणि त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

घ्यायचं काय, तर साधे फोमचे इअरप्लग. मेडिकलमध्ये नसतील तर सेफ्टी शूज विकणाऱ्या दुकानात मिळतात, ऑनलाईन तर ढीग आहे. थ्रीएमचा ११०० घ्या, पाकिटावर एनआरआर २९ लिहिलेलं असतं, एनआरआर म्हणजे प्लग आवाज किती डेसिबल कमी करतो त्याचा आकडा. हा आकडा लॅबमधला, रस्त्यावर निम्मा मिळाला तरी भरपूर फरक पडतो. कापसाचे बोळे घालू नका, त्याने जवळजवळ काहीच अडत नाही. आणि इअरफोन लावून गाणी मोठी करणं म्हणजे वाऱ्याच्या आवाजावर अजून आवाज चढवणं आहे, हा सल्ला देणाऱ्याचं अजिबात ऐकू नका.

आता खरं काम, प्लग कानात घालणं. "इअरप्लगने काही फरक पडत नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांनी प्लग घातलेलाच नसतो, नुसता कानाच्या दारात अडकवलेला असतो. मलाही हे जमायला बराच काळ गेला, उजवा कान पटकन बसायचा आणि डावा दर वेळी अर्धवट राहायचा, कारण दोन्ही कानांची भोकं सारखी नसतात.

हात धुवून कोरडे करा. प्लग बोटांमध्ये धरून समईची वात वळतो तसा हळूहळू वळा, आधी हलक्या हाताने मग दाब वाढवत, जितका बारीक होईल तितका. नुसता चिमटीत दाबला की त्याला घडी पडते आणि त्या घडीतून आवाज सरळ आत येतो. वळून झाला की थांबू नका, तो लगेच फुगायला लागतो.

मग दुसरा हात डोक्यावरून पलीकडे न्या, म्हणजे उजव्या कानाला डावा हात, आणि कानाची वरची कड धरून वर आणि मागे ओढा. ही पायरी सगळे गाळतात आणि इथेच सगळं बिघडतं. कानाची नळी वाकडी असते, ओढल्यावर ती सरळ होते आणि प्लग आत जातो, नाहीतर वळणावर अडतो. आत गेला की बोटाचं टोक त्यावर ठेवून ३० सेकंद तरी धरा. मनातल्या मनात नाही, खरोखर मोजा, थंडीत तर अजून जास्त कारण गार फोम हळू फुगतो.

तपासायचं असं: गाडी आयडलला ठेवा आणि दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा. आवाज एकदम कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही, काढा, परत वळा. नीट बसला असेल तर तळव्यांनी फार फरक पडत नाही आणि स्वतःचं बोलणं घुमल्यासारखं ऐकू येतं.

हेल्मेट घालताना दोन्ही बाजूचे पट्टे बाहेर ओढून धरा, म्हणजे कान दुमडत नाही. प्लगचं टोक बाहेर राहून हेल्मेटला लागत असेल तर तासाभरात दुखायला लागेल, लहान साईजचा प्लग घ्या.

हॉर्न ऐकू येणार नाही ही भीती सगळ्यांना असते. येतो. प्लग सगळेच आवाज खाली आणतो, वाराही खाली येतो, त्यामुळे ट्रकचा हॉर्न उलट वेगळा कळतो. पहिल्यांदा मात्र सरळ हायवेला जाऊ नका, गावात एक चक्कर मारून सवय करा.

काढताना हळूहळू फिरवत काढा. खसकन ओढला तर आत पोकळी होऊन पडद्यावर ताण येतो. मळला किंवा फुगेनासा झाला की फेकून द्या.

पुढची मोठी काच लावून आवाज वाढला असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर, जपून, फूटरेस्टवर थोडं उभं राहून बघा. डोकं काचेच्या वर गेल्यावर गोंगाट थांबला तर दोष काचेचा, तिची उंची बदला.

कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल किंवा मळ घट्ट झाला असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, प्लग नंतर. शिट्टी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही तरी जा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून मागा. आणि मागे बसणाऱ्याचेही कान तितकेच उघडे असतात, त्यांच्यासाठी एक जोडी जास्त ठेवा आणि कान कसा ओढायचा ते निघायच्या आधी घरीच दाखवा.