भांग, सीबीडी आणि झोप : या चुका टाळा

भांग घेतली की झोप लागते, असं सरसकट म्हणता येत नाही. या झाडात शंभराहून जास्त कॅनाबिनॉइड, म्हणजे शरीरावर काम करणारी रसायनं आहेत. झोपेच्या संदर्भात नाव येतं ते मुख्यतः टीएचसी (नशा आणणारं), सीबीडी (नशा न आणणारं) आणि सीबीएन या तिघांचं, आणि तिघांची तऱ्हा वेगळी. किती मिलिग्रॅम, कशातून आणि किती वाजता घेतलं, यावरही बरंच अवलंबून असतं.

‘अजून चढली नाही’ म्हणून दुसरा ग्लास

सगळ्यात जास्त त्रास याच चुकीने होतो. धुरातलं टीएचसी काही मिनिटांत मेंदूत पोचतं. थंडाईतली भांग किंवा कॅनडात दुकानात मिळणारी गमी (चघळायची भांगेची गोळी) पोटातून जाते. परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात, भरल्या पोटी कधी त्याहून उशीर. वाटेत यकृत त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी करतं, तेही मेंदूवर जोरात काम करतं. नऊला पहिला ग्लास, पावणेदहाला ‘काहीच नाही’ म्हणून दुसरा, आणि अकराला दोन्ही एकदम अंगावर येतात. घसा कोरडा, छातीत धडधड, पाच मिनिटं तासासारखी, आणि डोळ्याला डोळा लागत नाही. थोडं टीएचसी पेंग आणतं, जास्त झालं की घाबरवून जागं ठेवतं. कॅनडात खाण्याच्या एका पाकिटात १० मिलिग्रॅमहून जास्त टीएचसी चालत नाही, नवख्याला २.५ देखील जाणवतं. घरी वाटलेल्या भांगेला असं माप नसतंच. म्हणून त्या रात्री दुसरा ग्लास नको.

चढलीच तर मंद उजेडात कुशीवर झोपवा, घोट घोट पाणी द्या, एकटं सोडू नका. उतरवायला दारू किंवा झोपेची गोळी मुळीच नाही. छातीत दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हाक मारूनही न उठणं, यातलं काही दिसलं किंवा लहान मुलाच्या पोटात गेलं, तर लगेच १०८ ला फोन.

गुंगीला झोप समजणं

टीएचसीने सुरुवातीला डोळा लवकर लागतो, पण स्वप्नांची, म्हणजे रेम झोप कमी होते. रोज घेतलं तर काही आठवड्यांत शरीर सरावतं आणि मात्रा वाढू लागते. मग एकदम बंद केलं की पहिल्या आठवड्यात रात्रभर कूस बदलणं आणि भडक, जिवंत वाटणारी स्वप्नं. पुष्कळजण याला आपला जुना निद्रानाश समजून पुन्हा सुरू करतात, आणि इथेच अडकतात. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवा. झोपेची तक्रार काही आठवडे रेंगाळू शकते, हे आधीच धरून चला.

सीबीडीला झोपेचं औषध समजणं

२००४ मध्ये ब्रिटनमध्ये आठ निरोगी तरुणांवर एक छोटी चाचणी झाली. १५ मिलिग्रॅम टीएचसीने दुसऱ्या दिवशी सुस्ती राहिली. सोबत १५ मिलिग्रॅम सीबीडी दिल्यावर रात्री जाग वाढली. उलट अपस्माराच्या (फिट येण्याच्या) औषधात सीबीडी दिवसाला प्रत्येक किलो वजनामागे १० ते २० मिलिग्रॅम दिलं जातं, तिथे पेंग हा नेहमीचा दुष्परिणाम आहे. रुग्ण क्लोबाझाम हे फिटचं दुसरं औषध घेत असेल तर जास्तच, कारण सीबीडीमुळे त्याचा सक्रिय अंश रक्तात साठतो. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सीबीडीला हात लावू नये.

सीबीडी तेलाच्या बाटलीचा हिशेब करा : ३० मिलिलिटरमध्ये १००० मिलिग्रॅम म्हणजे १ मिलिलिटरला साधारण ३३. तेच थेंब तुपकट जेवणासोबत घेतले तर कितीतरी पट जास्त शोषले जातात. एक दिवस उपाशीपोटी, एक दिवस जेवणावर, असं केलं तर काय लागू पडलं ते कळणार नाही.

सीबीएन हे जुन्या मालात टीएचसीपासून हवेने तयार होतं. ‘झोपेचं कॅनाबिनॉइड’ हे त्याचं बिरुद पुराव्याच्या मानाने फार मोठं आहे.

हेम्प बियांचं तेल झोपेसाठी घेणं

हेम्प म्हणजे अगदी कमी टीएचसी असलेली भांगेची जात. भारतात २०२१ पासून हेम्पच्या बिया आणि त्यांचं तेल अन्न म्हणून चालतात, पण सीबीडीची मर्यादा किलोला ७५ मिलिग्रॅम. चमचाभर तेलात फार तर ०.३५ मिलिग्रॅम. वरणावर घाला, झोपेची अपेक्षा ठेवू नका. विजयायुक्त (भांग असलेलं आयुर्वेदिक) औषध हवं असेल तर वैद्यांच्या चिठ्ठीवरच. गांजा आणि चरस १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात गुन्हा आहे.

पोटातून घेतलेल्या टीएचसीचा अंमल आठ तास, कधी त्याहून जास्त टिकतो. रात्री अकराला घेऊन सकाळी सातला स्कूटर काढू नका. आणि घोरताना श्वास अडखळतो असं घरचे सांगत असतील, तर यातलं काहीही घेण्याआधी स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्या.