कारमधील साउंड सिस्टिमसाठी पारदर्शक प्लास्टिक शीट कशी निवडावी आणि कशी मिळवावी

डिकीतील सबवूफरच्या (खोल, जड आवाजाच्या स्पीकरच्या) पेटीला खिडकी ठेवायची, ॲम्प्लिफायरवर आतील वायरिंग दिसेल असे झाकण बसवायचे, किंवा शीटच्या कडेतून एलईडीचा प्रकाश सोडून कोरलेली अक्षरे उजळवायची, अशा तिन्ही कामांसाठी बहुतेक जण दुकानात जाऊन एकच वाक्य बोलतात: ‘पारदर्शक शीट द्या.’ चुकीची सुरुवात येथूनच होते, कारण पारदर्शक हे वर्णन आहे, मालाचे नाव नव्हे, आणि दिसायला सारख्या असणाऱ्या चार-पाच प्रकारच्या शीट दाब, ऊन आणि स्क्रू यांच्यापुढे अगदी वेगवेगळ्या वागतात.

म्हणून पहिली पायरी दुकानाची नव्हे, कागदाची आहे. शीट कोठे बसणार, तिच्यावर हवेचा दाब येणार की नाही, जवळ गरम होणारे काही आहे का, तिला वारंवार हात लागणार का आणि ती फुटल्यास तुकडे कोणाच्या अंगावर जातील, हे आधी लिहून काढावे. एअरबॅगच्या मार्गात किंवा प्रवाशाच्या डोक्याजवळ कडक शीट बसवण्याचा विचार असेल, तर तो तेथेच सोडून द्यावा.

यानंतर मालाची निवड. या कामात बहुतेक वेळा ॲक्रिलिक योग्य ठरते. ते सुमारे 92 टक्के प्रकाश आरपार जाऊ देते, उन्हाने लवकर पिवळे पडत नाही, त्याच्या कडा घासून काचेसारख्या चकचकीत करता येतात आणि ते पॉलिकार्बोनेटपेक्षा अधिक ताठ असते. पॉलिकार्बोनेटची ख्याती न फुटण्याबद्दल आहे आणि ती खरी आहे, पण सबवूफरच्या पेटीत न फुटण्यापेक्षा न थरथरणे महत्त्वाचे असते. त्यातच पॉलिकार्बोनेटवर कापडानेसुद्धा चरे पडतात आणि अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा थर नसेल, तर ते कालांतराने पिवळसर होते. सामान ठेवताना धक्का बसण्याची शक्यता असलेल्या झाकणासाठी मात्र मी तेच घेईन. पीईटीजी कापायला व वाकवायला सोपे आहे, परंतु साधारण 80 अंश सेल्सिअसला ते मऊ पडू लागते. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत काचेलगतचा पृष्ठभाग या तापमानाच्या जवळ पोहोचू शकतो, त्यामुळे ते गाडीत वापरू नये असे माझे मत आहे. ॲक्रिलिक साधारण 100 अंशांपर्यंत आकार धरून ठेवते.

ॲक्रिलिक ठरले तरी निवड संपत नाही. कास्ट आणि एक्स्ट्रुडेड असे त्याचे दोन प्रकार मिळतात. कास्ट शीट साच्यात ओतून तयार होते, तर एक्स्ट्रुडेड शीट वितळवलेला माल यंत्रातून सलग बाहेर काढून तयार होते. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण राउटर किंवा जिगसॉ ही कापण्याची यंत्रे चालवताना तो लगेच कळतो: एक्स्ट्रुडेड शीट पात्याच्या उष्णतेने वितळून मागे पुन्हा चिकटते, तर कास्ट शीटमधून कोरडा, पांढरा भुसा बाहेर पडतो. लेझरने कोरलेली अक्षरे कास्ट शीटवर दुधाळ पांढरी उमटतात, म्हणून कडेने उजळवायच्या पाटीसाठी कास्टच घ्यावी. एक्स्ट्रुडेड शीट स्वस्त असते आणि तिची जाडी अधिक एकसारखी असते. शीट खाचेत सरकवून बसवायची असेल, तर हा गुण उपयोगी पडतो. कास्ट शीटची जाडी ठिकठिकाणी दहा टक्क्यांपर्यंत किंवा थोडी अधिकही बदलू शकते, त्यामुळे तिच्यासाठी खाच कोरण्याआधी प्रत्यक्ष तुकडा व्हर्नियरने मोजावा.

जाडीच्या बाबतीत काटकसर करू नये. पत्र्याची किंवा शीटची ताठरता जाडीच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे 12 मिमीची शीट 6 मिमीच्या शीटपेक्षा दुप्पट नव्हे, तर आठपट ताठ असते. उलट खिडकीची लांबी-रुंदी दुप्पट केली, तर त्याच दाबाखाली तिचे वाकणे सोळापट होते. ॲक्रिलिकची ताठरता एमडीएफच्या (पेट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) आसपासच असल्यामुळे सोपा नियम असा धरावा की, पेटीची भिंत जितकी जाड, तितकीच खिडकी जाड, आणि खिडकी मोठी असेल तर एक माप वर. वीतभर खिडकीला 12 मिमी चालते, संपूर्ण बाजूच पारदर्शक करायची असेल तर 18 किंवा 20 मिमी घेऊन मध्ये आडवा आधारही द्यावा. ज्या झाकणावर दाब येत नाही, त्याला 3 ते 5 मिमी पुरेसे आहे. मात्र ॲम्प्लिफायरच्या पंख्यांवर हवा खेळती राहील एवढे अंतर आणि दोन्ही टोकांना झरोके ठेवावेत.

आता खरेदी. पूर्ण शीट साधारणपणे 1220 × 2440 मिमी या मापात येते. 12 मिमी जाडीच्या अशा ॲक्रिलिक शीटचे वजन 42 किलोच्या वर भरते, त्यामुळे एका खिडकीसाठी ती विकत घेणे शहाणपणाचे नाही. प्लास्टिक शीटचे विक्रेते, दुकानांच्या पाट्या तयार करणारे आणि लेझर कटिंग करणारे यांच्याकडे उरलेले तुकडे पडून असतात व ते वजनावर किंवा नगावर मिळतात. पाटीवाल्यांकडे विचारणे मला सर्वांत फलदायी वाटते, कारण त्यांना कास्ट आणि एक्स्ट्रुडेडमधला फरक सांगावा लागत नाही, आणि ते मापाने कापूनही देतात. मात्र पॉलिकार्बोनेट लेझरवर कापायला देऊ नये. त्याच्या कडा जळून तपकिरी होतात.

तुकडा अंगठ्याने दाबून पाहण्यापेक्षा त्याची कड पाहावी. दोन्ही बाजूंचा संरक्षक कागद तसाच असावा, कोपऱ्यात केसासारख्या बारीक भेगा नसाव्यात, आणि कडेतून पाहिल्यावर रंग पिवळट दिसू नये. पारदर्शक पॉलिस्टायरीन हे दुसरेच प्लास्टिक ॲक्रिलिक म्हणून गळ्यात मारले जाण्याची शंका असेल, तर नखाएवढी कपची मागून घ्यावी. अर्धा लिटर पाण्यात सुमारे 90 ग्रॅम मीठ विरघळवून कपची त्यात बुडवावी व तिला चिकटलेले बुडबुडे झटकून टाकावेत. पॉलिस्टायरीन वर येते, ॲक्रिलिक तळाशी बसते. पॉलिकार्बोनेटही बुडतेच, पण त्याची पातळ पट्टी वाकवली तर वाकते आणि ॲक्रिलिकची पट्टी टणकन तुटते. तोडताना डोळ्यांवर चष्मा हवा.

शीट घरी आणल्यावर सपाट ठेवावी आणि संरक्षक कागद अगदी शेवटी काढावा. साधे धातूचे ड्रिल बिट ॲक्रिलिकमधून बाहेर पडताना मालाला चावते आणि छिद्राखाली कपचा उडतो. त्यासाठी प्लास्टिकचे खास बिट घ्यावे, खाली लाकूड दाबून धरावे आणि दाब हलका ठेवावा. माझ्या पहिल्या खिडकीला मी स्क्रूच्या मापाचीच छिद्रे पाडून प्रत्येक स्क्रू जोर लावून आवळला होता. काही दिवसांनी एका छिद्रापासून रेशमी धाग्यासारखी चमकणारी रेघ निघाली आणि पाहता पाहता कडेपर्यंत गेली. याचे कारण साधे आहे: 600 मिमी लांबीची ॲक्रिलिक शीट तापमान 40 अंशांनी वाढल्यावर दीड मिमीहून अधिक वाढते आणि लाकूड तेवढे वाढत नाही. म्हणून 4 मिमीच्या स्क्रूला 6 मिमीचे छिद्र, मोठा वॉशर, खाली फोमची पट्टी, आणि स्क्रू फक्त फोम दबेपर्यंत, असा क्रम ठेवावा.

ज्योतीने चकचकीत केलेल्या कडेवर द्रावकाचा (प्लास्टिक विरघळवून जोडणारा) गोंद किंवा स्पिरिट लावल्यास तिच्यात सूक्ष्म भेगांचे जाळे उमटते. म्हणून कड गोंदाने जोडायची असेल, तर जोडाची बाजू ज्योतीने न चमकवता बारीक पॉलिश पेपरने घासून ठेवावी. पुसण्यासाठीही अमोनिया असलेला काच-क्लीनर वापरू नये. सौम्य साबणाचे कोमट पाणी आणि मऊ, ओलसर सुती कापड पुरेसे आहे.