पावसाळी ट्रेक निवडताना आधी ओढे मोजा

कर्जत-नेरळकडचा एका दिवसाचा ट्रेक ठरवताना बहुतेक जण गडाची उंची बघतात. पावसाळ्यात त्याआधी वाट किती ओढे ओलांडते ते नकाशावर बघा. घाटमाथ्यावरचं पाणी खाली उल्हास नदीच्या खोऱ्यात उतरतं. वर जोराची सर आली की खाली लख्ख ऊन असतानाही ओढा बघता बघता फुगतो. सकाळी घोटाभर असलेलं पाणी दुपारी मांडीला लागतं, आणि परत तर तिथूनच यायचं असतं.

जाताना काठालगतचा एखादा ठळक दगड हेरून ठेवा. येताना तो बुडालेला दिसला, पाणी गढूळ झालं असलं किंवा काटक्या-पालापाचोळा वाहत येत असला तर पाय घालू नका, ओसरेपर्यंत थांबा. गाडी चुकली तर चुकली. दोर धरून सगळ्यांनी साखळी करायचा उत्साह तर नकोच.

भर पावसात मला कोठळीगड बरा वाटतो. कर्जत तालुक्यातल्या आंबिवली गावाहून पेठ गावापर्यंत चांगली रुंद वाट आहे, पुढे सुळक्याच्या पोटात कोरलेल्या पायऱ्या. पेठमध्ये आधी सांगून ठेवलं तर जेवणही मिळतं. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना कोंडाणे लेणी सोपी. पाऊस ओसरल्यावर न्या. पेब किल्ल्याला थेट नेरळ स्टेशनवरून चालत जाता येतं, पण कड्यालगतचा भाग ओला असताना निसरडा असतो.

आंबिवलीहून परतीची शेअर रिक्षा किंवा एसटी किती वाजता आहे, ते मात्र सकाळी तिथे गाडीतून उतरल्या उतरल्याच विचारून घ्या.